गिनी-बिसाऊहून काजू बी आणायची आहे. देश कोकेनच्या वाटेवरचा म्हणतात, कंटेनरची काळजी कशी घ्यावी?

शिराळ्याचा_काजूगर

नमस्कार मंडळी. शिराळा तालुक्यात काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे, दिवसाला दीड टन बी फोडण्याची क्षमता. बी आजवर आजरा-चंदगड आणि कोकणातून येते. पावसाळा लागला की ती संपते, नाहीतर भाव हाताबाहेर जातो आणि बायकांना काम देता येत नाही. म्हणून यंदा एका दलालामार्फत गिनी-बिसाऊची बी मागवायचा विचार आहे. ४० फुटी एक कंटेनर, ८० किलोची ३२० पोती, म्हणजे २५.६ टन, न्हावा शेवा मार्गे. आमचं १७ दिवसांचं काम.

घरचे म्हणतात, तो देश कोकेनच्या तस्करीसाठी बदनाम आहे, नसती आफत गळ्यात पडेल. यात तथ्य किती? कंटेनर मागवायचाच झाला तर कुठे कुठे लक्ष ठेवायचं? आणि समजा पोत्यांच्या आड काही निघालं, तर जबाबदार कोण धरला जातो? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कोयनाकाठ

घरच्यांची माहिती खरी आहे. पण त्यावरून तुमच्या कंटेनरला धोका किती, हा हिशेब वेगळा.

सातारा, सांगली आणि सोलापूर हे तीन जिल्हे एकत्र केले की जेवढा मुलूख होतो, त्याहून किंचित मोठा हा पश्चिम आफ्रिकेतला देश आहे. क्षेत्रफळ ३६,१२५ चौ.कि.मी., वस्ती २० लाखांच्या आसपास. तिथे कोकाचं झाड नाही आणि कोकेन विकत घेणारं मोठं गिऱ्हाईकही नाही. माल दक्षिण अमेरिकेचा, बाजार युरोपचा, हा देश मधल्या वाटेवर. ब्राझीलचा पूर्वेकडचा कोपरा आणि बिसाऊ यांत समुद्र जेमतेम ३,००० कि.मी. ही वाट १० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासून जाते, म्हणून तपास यंत्रणा तिला ‘हायवे १०’ म्हणतात. किनाऱ्यालगत बिजागोस द्वीपसमूह आहे. बेटं ८८, त्यातल्या मोजक्याच बेटांवर कायमची वस्ती. (२०२५ मध्ये युनेस्कोने याच बेटांना जागतिक वारसा ठरवलं, तिथली कासवं आणि पाणपक्षी खरोखर जपण्यासारखे आहेत.) राखण करायला बोटी नाहीत, बोट असली तर डिझेल नाही. अशा ठिकाणी छोटं विमान किंवा मच्छीमार नाव कोण पाहणार?

नुसता भूगोल मात्र पुरेसा नसतो. शेजारच्या देशांनाही किनारा आहेच. इथे सरकार पोकळ राहिलं आणि लष्करातल्या वरच्या लोकांना या धंद्याचा पैसा मिळाला. २००६ मध्ये ६७४ किलो कोकेन पकडलं, सरकारी तिजोरीत ठेवलं आणि ते तिथूनच नाहीसं झालं. २००७ मध्ये ६३५ किलो पकडलं, पण बाकीचा माल घेऊन तस्कर निसटले. मार्च २००९ मध्ये लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात मारले गेले आणि काही तासांतच राष्ट्राध्यक्ष व्हिएरा यांची हत्या झाली. २०१२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. २०१३ मध्ये माजी नौदलप्रमुख बुबो ना चुटो यांना अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने समुद्रात सापळा लावून पकडलं, पुढे न्यूयॉर्कच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणुकीचा निकाल लागायच्या आधीच लष्कराने पुन्हा सत्ता हातात घेतली.

आता तुमच्या कामाचं. अलीकडचे मोठे साठे कशात सापडले ते बघा. मार्च २०१९ मध्ये ७८९ किलो, मासे भरलेल्या ट्रकच्या दुहेरी तळात. सप्टेंबर २०१९ मध्ये १,८६९ किलो, त्यातला बराच पिठाच्या पोत्यांत. सप्टेंबर २०२४ मध्ये २,६३३ किलो, व्हेनेझुएलाहून बिसाऊच्या विमानतळावर उतरलेल्या खासगी जेटमध्ये. यांतला एकही काजूचा कंटेनर नव्हता आणि या मालाला भारतात यायचं नव्हतं. म्हणजे तुमच्या कंटेनरला थेट धोका लहान आहे, पण नाहीच असं नाही. त्या देशाची निर्यात जवळजवळ सगळी काजूवर चालते आणि बहुतेक बी भारत व व्हिएतनामला जाते. त्यामुळे काजूचा कंटेनर तिथे कुणाच्या नजरेत भरत नाही. दुसरी गोष्ट पैशाची. हंगामात शेतकऱ्याला रोखीने पैसे द्यावे लागतात. ज्याच्याकडे काळी रोकड पडून आहे, तो चढ्या भावाने बी उचलतो, परदेशात स्वस्तात विकतो आणि तेवढ्या तोट्यात पैसा धुऊन घेतो. अशा माणसाशी व्यवहार झाला, तर पोत्यात निव्वळ काजू असला तरी तुमचं बँक खातं चौकशीत येऊ शकतं. बाजारापेक्षा फार कमी भाव कानावर आला की पहिला विचार हा करा.

मिरजेचा_फॉरवर्डर

कोयनाकाठ यांनी देश सांगितला, मी कंटेनरवर लिहितो.

निर्दोष व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये माल घुसडायची पद्धत जगभर साधारण एकच आहे. पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं, घेणाऱ्यालाही नसतं. वाटेतल्या बंदरात यार्डातलीच माणसं दार उघडतात, दाराशी बॅगा ठेवतात, नवं सील लावतात आणि पुढच्या बंदरात दुसरी टोळी त्या काढून घेते. तिला ते जमलं नाही की बॅगा तुमच्या गोदामापर्यंत येतात. त्यामुळे कंटेनर कुठल्या देशातून निघाला यापेक्षा तो कुठे किती दिवस उभा राहिला, हे जास्त महत्त्वाचं. बिसाऊचं बंदर नदीच्या मुखात, उथळ. मोठं जहाज लागत नाही. छोट्या फीडर जहाजाने माल मोठ्या बंदरात जातो आणि तिथे पुन्हा चढतो. एप्रिल २०२१ मध्ये तुतिकोरीनला लाकडाच्या ओंडक्यांच्या कंटेनरमध्ये ३०३ किलो कोकेन सापडलं. तो कंटेनर पनामाहून निघून अँटवर्प आणि कोलंबो करत आला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्हावा शेवालाच, दक्षिण आफ्रिकेच्या पेअर आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये ५० किलो निघालं. फळाचा कंटेनर पाहून कुणाला शंका येणार?

सुरुवात तिकडच्या भरणीपासून. विक्रेत्याचा नव्हे, तुम्ही नेमलेला स्वतंत्र सर्व्हेअर भरणीला हजर हवा. काजूत तो तसाही लागतोच, कारण ओलावा, नटकाउंट (किलोत किती बिया) आणि उतारा (बीतून निघणारा गर) त्याच्याच दाखल्यावर ठरतात. बिसाऊच्या बीचा उतारा चांगला मानतात, ८० किलोमागे ५२ पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण २३.६ किलो गर. त्याच सर्व्हेअरला आणखी चार तासांचं काम द्या. रिकाम्या कंटेनरची तपासणी त्यानेच करायची. ४० फुटी हायक्यूब आतून १२.०३ मीटर लांब, २.३५ रुंद आणि २.६९ उंच असतो. लेझर मीटरने मोजायला पाच मिनिटं पुरतात. लांबी १० सें.मी.ने जरी कमी भरली, तर समोरच्या भिंतीपुढे दुसरी भिंत आहे असं समजा. समोरच्या कोपऱ्यांतले लोखंडी ठोकळे आतून दिसले पाहिजेत. हवेची भोकं वर दोन्ही बाजूंना दिसली पाहिजेत. लाकडी जमीन दाराच्या उंबऱ्याशी सपाट हवी. भिंतीवर ठोकून आवाज ऐकायचा, एका जागी घट्ट आणि बाकी पोकळ वाजला तर ती जागा उघडून बघायची. ताजा रंग, ताजी सिलिकॉन पट्टी किंवा वेल्डिंगचा वास आला तर कंटेनर बदलून मागायचा, लाइन (जहाज कंपनी) बदलून देते. भरण्याआधी खालचा भागही वाकून बघायचा, आडव्या बीमच्या मधल्या पोकळ्या बाहेरूनच दिसतात.

मग फोटो. रिकामा, अर्धा, पूर्ण भरलेला, एक दार लावलेलं, दोन्ही दारं लावलेली आणि शेवटी सीलचा नंबर वाचता येईल असा. सहाही फोटोंवर वेळ हवी. दारं लागेपर्यंत सील सर्व्हेअरच्या खिशात राहील, टेबलावर पडून राहणार नाही. सील आयएसओ १७७१२ चं, ‘एच’ छाप असलेलं, आपल्याकडे ज्याला बॉटल सील म्हणतात तेच. लावल्यावर ओढून आणि पिळून बघायचं. नकली सीलची दांडी पिळल्यावर सुटते. तो नंबर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), पॅकिंग लिस्ट आणि सर्व्हे रिपोर्ट तिन्हीकडे एकच असायला हवा.

वजन हा दुसरा पुरावा. ३२० पोत्यांतली बी २५,६०० किलो, तागाची पोती किलोच्या हिशेबाने ३२०, कंटेनरचं स्वतःचं सुमारे ३,९००. दारावर जो आकडा छापलेला असतो तोच धरा. एकूण २९,८२० च्या आसपास. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्याआधी पडताळलेलं वजन द्यावंच लागतं, तो कागद विक्रेत्याकडून मागून घ्या. प्रवासात बी सुकते, वजन एक टक्क्यापर्यंत घटतं, म्हणजे अडीचशे किलो कमी भरलं तर घाबरू नका. वाढलं, तर मात्र कारण शोधलंच पाहिजे. पण काट्यावर विसंबून राहू नका. ३० किलोच्या दोन बॅगा या घटीत सहज लपतात, म्हणून डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही.

न्हावा शेवाला उतरल्यावर सीलचा नंबर आधी कागदाशी ताडून बघायचा. वाटेतल्या बंदरात कस्टम्सने उघडून तपासला असेल तर नंबर बदलणं रीतसर आहे, पण त्याची नोंद लाइनकडे असते. ती लेखी मागा. नोंद नसताना नंबर वेगळा निघाला तर डिलिव्हरी घ्यायची नाही. सीएचएमार्फत (कस्टम्सचं काम बघणारा आपला एजंट) कस्टम्सला पत्र द्यायचं आणि कस्टम्स व लाइनच्या सर्व्हेअरसमोर उघडायला सांगायचं. दोन-चार दिवसांचं भाडं अंगावर पडेल, पडू द्या. आणि सील शाबूत दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. दाराचा हँडल ज्या रिव्हेटने धरलेला असतो तो काढून, सीलला हात न लावता दार उघडता येतं. चारही रिव्हेट एकाच वयाचे दिसले पाहिजेत. एकाच्या जागी नट-बोल्ट किंवा चकचकीत रंग असेल तर ते दार उघडून झालेलं आहे.

शेवटी तुमचं गोदाम. कस्टम्सची जोखीम-प्रणाली बरेच कंटेनर न उघडता सोडते, त्यामुळे पहिल्यांदा दार उघडणारे तुम्हीच असू शकता. उरण ते पेठ नाका आणि तिथून शिराळा, सुमारे सव्वातीनशे कि.मी.ची वाट. जीपीएस असलेली गाडी घ्या आणि कुठल्या ढाब्यावर किती वेळ थांबली ते लिहून ठेवा. सील कापताना सलग व्हिडिओ करा, बाहेरच्या कंटेनर नंबरपासून सुरुवात करून पहिली रांग पूर्ण उतरेपर्यंत. पोत्यांकडे नीट बघा. तिकडची पोती हाताने, जाड सुतळीने शिवलेली असतात आणि दोन महिन्यांच्या प्रवासाने सगळ्यांवर सारखी धूळ बसलेली असते. एखादं पोतं नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेलं, किंवा त्याच्यावरची धूळ पुसलेली दिसली, तर ते हलवू नका.

वकील_सांगली

शेवटच्या वाक्यापासून पुढे मी लिहिते, कारण चुका तिथेच होतात.

संशयास्पद पाकीट दिसलं की लोक ते बाहेर काढतात, फाडून बघतात, वास घेतात, मोबाईलवर फोटो काढून गटात टाकतात. यातलं काहीही करू नका. दार लोटा, हमालांना बाजूला बसवा पण घरी पाठवू नका, त्यांचे जबाब पुढे उपयोगाचे असतात. ११२ वर किंवा अमली पदार्थांच्या १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवा आणि कॉलची वेळ लिहून ठेवा. सीएचएलाही सांगा, म्हणजे कस्टम्सकडे लेखी नोंद होईल. व्हिडिओ बंद करू नका. तुम्ही स्वतः, विनाविलंब कळवलंत, हीच तुमच्या बचावातली सर्वांत मोठी गोष्ट.

कायदा कडक आहे. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कोकेनचं व्यापारी प्रमाण फक्त १०० ग्रॅम. त्याहून जास्त मालासाठी किमान १० आणि कमाल २० वर्षं सक्तमजुरी, शिवाय किमान १ लाख दंड. देशात आणणं, देशाबाहेर नेणं आणि जहाजातून जहाजात चढवणं हे कलम २३ खाली येतं. मालासोबत पकडलेल्या माणसाच्या विरोधात दोन गृहीतकं उभी राहतात. कलम ५४ ताब्यावरून आणि कलम ३५ मनातल्या हेतूवरून. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं, आणि तेही निर्विवादपणे. सर्वोच्च न्यायालयाने नूर आगा खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे की ताबा आणि इतर मूळ गोष्टी आधी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या, मगच हे ओझं आरोपीकडे सरकतं. पण तो निकाल खटल्याच्या शेवटी उपयोगी पडतो. जामीन मात्र कलम ३७ मुळे सुरुवातीलाच अडतो आणि आरोपपत्राला १८० दिवस मिळतात. म्हणून वर सांगितलेले फोटो, वजनाचे कागद, लाइनची पत्रं जपून ठेवा. माहिती नव्हती हे तोंडाने सांगून भागत नाही, प्रत्येक टप्प्यावर तुम्ही काय काळजी घेतलीत ते कागदावर दिसलं पाहिजे.

अधिकाऱ्यांसमोर कलम ६७ खाली दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, असं तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये ठरवलं. तरी वकिलाला फोन केल्याशिवाय सही करू नका.

फारसं माहीत नसलेलं कलम ६१. अमली पदार्थ लपवायला जो माल वापरला गेला, तोही जप्तीस पात्र ठरतो. म्हणजे तुमची बी निर्दोष असली तरी अडकू शकते, आणि जप्ती-अटकावणीचं नुकसान साध्या मरीन पॉलिसीत धरलेलं नसतं. कर्ज काढून पहिला कंटेनर आणत असाल तर याचा विचार आधी करा.

विट्याचा_गलाईकर

थोडं विषय सोडून, पण सांगावंसं वाटतं. बिसाऊ लांब आहे, कुपवाड आणि कार्वे जवळ आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या मेफेड्रोन प्रकरणाचा धागा कुपवाडपर्यंत आला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत एमडी (मेफेड्रोनच) बनवणारा कारखाना सापडला. तुमचं युनिट वर्षातले काही महिने बंद असतं असं दिसतं. रिकामी शेड ‘केमिकल साठवायचं आहे, भाडं आगाऊ देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नका. जागामालकाने जाणूनबुजून परवानगी दिली तर कलम २५ त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा देतं. भाडेकरार नोंदवा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, वीजबिल अचानक वाढतंय का आणि दाराखिडक्या दिवसाही बंद असतात का ते बघा.

शिराळ्याचा_काजूगर

सगळ्यांचे आभार, ताईंचे विशेष. आता दलालाचं बोलणं मांडतो. भाव बाजारापेक्षा टनामागे बराच कमी सांगतोय. भरणी बंदरापासून लांब, आतल्या गावच्या गोदामात होईल, तिथे सर्व्हेअर नेणं अवघड आहे, त्यांचाच माणूस रिपोर्ट देईल. पैसे विक्रेत्याच्या नावावर नाही, दुबईच्या एका फर्मच्या खात्यावर. आणि बिल ऑफ लेडिंग दुबईत बदलून दुसऱ्या शिपरच्या (माल पाठवणाऱ्याच्या) नावाने येईल, म्हणाला, सगळे असंच करतात.

मिरजेचा_फॉरवर्डर

दादा, हा व्यवहार या अटींवर करू नका. एकेक मुद्दा सुटा असता तर बोलता आलं असतं. दुबईतले व्यापारी आफ्रिकेतली बी घेतात-विकतात हे खरं, आणि आपला खरा पुरवठादार कळू नये म्हणून बिल ऑफ लेडिंग बदलतात हेही होतं. पण बदललेल्या कागदावर मूळ शिपर दिसत नाही, वजनाचा आणि सीलचा जुना धागा तिथेच तुटतो. उद्या ताईंनी सांगितलेली वेळ आली तर तुमच्या हातात दुबईच्या पुढचाच कागद असेल. त्यात भरणी तुमच्या डोळ्याआड आणि पैसे तिसऱ्याच्या खात्यावर. बँकही त्रिपक्षीय करार आणि खुलासा मागेल.

दलालाला उलट लिहा. मूळ बिल ऑफ लेडिंग बिसाऊपासून न्हावा शेवापर्यंत एकच. पैसे इन्व्हॉइस ज्याच्या नावाचं त्याच्याच खात्यात, शक्य असेल तर एलसीने (कागद बरोबर असले तरच पैसे देण्याची बँकेची हमी), आणि एलसीच्या कागदांत तुमच्या सर्व्हेअरचा दाखला व सील नंबर. आतल्या गोदामात खरेदी होऊ द्या, पण कंटेनरमध्ये भरणी बिसाऊ शहरात आणि फीडर निघायच्या आधी जास्तीत जास्त तीन दिवस. खरेदी एप्रिल-मेमध्येच. जूनपासून तिथे पाऊस, रस्ते बसतात, बी ओली येते आणि भरलेला कंटेनर यार्डात आठवडे उभा राहतो. या अटी त्याला मान्य नसतील, तर कोल्लम किंवा मंगळूरच्या आयातदाराकडून तीच बी भारतात क्लिअर झालेली घ्या. किलोमागे थोडं जास्त जाईल, पण आयातदार म्हणून नाव त्याचं राहील.

शिराळ्याचा_काजूगर

तसंच कळवतो त्याला. एक शेवटचं विचारतो, कापलेलं सील आणि व्हिडिओ किती दिवस ठेवायचे?

वकील_सांगली

५ वर्षं. गिनी-बिसाऊ अल्पविकसित देशांच्या यादीत आहे, त्यामुळे शुल्कसवलतीसाठी मूळ देशाचा दाखला लावणार असाल तर २०२० च्या कारोटार नियमांप्रमाणे (मूळ देशाच्या दाखल्याबाबतचे कस्टम्स नियम) त्याचे कागद बिल ऑफ एंट्रीच्या (कस्टम्सकडे भरायच्या आयात-अर्जाच्या) तारखेपासून किमान ५ वर्षं ठेवावेच लागतात. सीलचे दोन्ही तुकडे एका पाकिटात घालून त्याच फाईलला लावा, पाकिटावर कंटेनर नंबर, तारीख आणि कापताना हजर असलेल्या दोघांच्या सह्या. व्हिडिओ मोबाईलवर न ठेवता मूळ फाईल दोन ठिकाणी उतरवून घ्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत चालणार नाही, तिच्यातला वेळेचा तपशील जातो.